चाळीस आखाज्या, त्यातली एक आमची

आमचं लग्न आखाजीला लागलं. तुम्ही तिला अक्षय्य तृतीया म्हणत असाल, आम्ही खान्देशातले लोक आखाजी म्हणतो. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, पंचांग उघडायचं काम नाही. शिरपूरकडच्या माझ्या माहेरी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी खाटेवर बसून चहा पिता पिता ठरवून टाकलं. वर म्हणाले, बरं झालं, या दोघांना लग्नाचा दिवस कधी विसरायला व्हायचं नाही. विसरायला कधी झालंही नाही. अडचण दुसरीच झाली, आणि ती त्या म्हाताऱ्यांतल्या एकाच्याही डोक्यात आली नाही.

अडचण अशी, की आखाजी हा आमच्याकडे लेकींचा सण. सासरी गेलेली प्रत्येक लेक त्या दिवशी माहेरी असते. भाऊ मुराळी म्हणून न्यायला येतो, निंबाला झोके बांधलेले असतात, पोरी गौराईची गाणी म्हणत उन्हातान्हाची पर्वा न करता झोके घेतात. आता सांगा, ज्या दिवशी लग्न झालं त्याच दिवशी बायको माहेरी जाणार म्हटल्यावर नवरा-बायकोनं तो दिवस साजरा करायचा कसा? पहिल्याच वर्षी माझा भाऊ भडगावला माझ्या सासरी हजर झाला आणि मी पिशवी भरून निघाले. खरं सांगते, मला काही वाईट वाटलं नाही. मी खुशीत गेले. मैत्रिणी चिडवायच्या, नवऱ्याची आठवण येते का गं, आणि मी झोका अजून वर न्यायची. इकडे आमचे हे निंबाखाली गावातल्या माणसांबरोबर पत्ते कुटत बसलेले. त्या दिवशी आमच्याकडे पुरुषांना पत्ते माफ असतात. शिवाय सालदाराचं सालही आखाजीलाच सुरू होतं, म्हणजे नवा गडी ठरवायचा तो त्याच दिवशी. त्यामुळे ह्यांनाही गाव सोडता यायचं नाही.

अशी वर्षं गेली. मग माझे आईवडील गेले, सासूबाई थकल्या आणि गेल्या, आणि एका आखाजीला माझ्या लक्षात आलं की आता माझंच घर कोणाचं तरी माहेर झालंय. ह्यांना तीन बहिणी. तिघी आपल्या लेकीसुनांसह यायच्या. मी पहाटेपासून चुलीवर खापर ठेवून मांडे करायची. मांडे म्हणजे खापरावर भाजलेली ही एवढी मोठी पुरणपोळी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरवून टाकावी लागते. जोडीला आमरस, सांजोऱ्या, पितरांच्या नावानं पाण्यानं भरायची घागर, आगारी. संध्याकाळ झाली की कंबर धरून बसायचं. पोरं मोठी झाल्यावर इंग्रजी तारखेला केक आणायची. मी मेणबत्त्या फुंकायची, टाळ्या वाजवायची, पण तो केक मला दुसऱ्याच कोणाच्या लग्नाचा वाटायचा. माझं लग्न आखाजीचं. आणि आखाजीला मी कधी लेक होते, कधी वहिनी होते. बायको म्हणून तो दिवस मला एकदाही मिळाला नव्हता.

बाहेरदेशी जायचं तसं दोनदा ठरलं होतं. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी नेपाळ ठरलं, सासरे पडले आणि मांडीचं हाड मोडलं. पुन्हा कधीतरी पासपोर्ट काढले, तर ती साथ आली आणि सगळं जगच घरात बसलं. पासपोर्ट कपाटात साड्यांखाली पडून राहिले. अधूनमधून उघडून बघायची. फोटोतली बाई काही म्हातारी होत नव्हती, मीच होत होते.

गेल्या दिवाळीला सगळे घरी जमलेले असताना मुलानं विषय काढला. चाळिसावं वर्ष आहे, आता कारणं नकोत, कुठं जायचं ते सांगा. ह्यांनी सवयीप्रमाणे केळीच्या पाण्याचं सुरू केलं. घड निसवायला लागले की घर सोडून चालत नाही, वगैरे. मी म्हटलं, मला विचारलंय ना, मग मी सांगते. मला बर्फ बघायचाय. आणि आखाजीच्या दिवशी बघायचाय.

फराळाचं ताट पुढे होतं, सगळ्यांचे हात थांबले. सूनबाई आधी हसली, मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायची थांबली. मी म्हटलं, एक आखाजी मला अशी पाहिजे की मी कोणाची लेक नाही, कोणाची वहिनी नाही. माझं लग्न झालंय त्या माणसाबरोबर मला तो दिवस काढायचाय. एवढंच. मुलगा फोनवर पुढच्या आखाजीची तारीख शोधायला लागला.

त्या दिवसांत बर्फ कुठं मिळतो, हे सूनबाईनं शोधलं. जॉर्जिया नावाचा देश निघाला. डोंगरात रस्त्याच्या कडेला तेव्हाही बर्फ असतो म्हणे, आणि मराठी मंडळींची टूर जाते. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारची म्हणाली, दुबईला गेल्या असत्या तर सोनं तरी बघून आल्या असत्या, बर्फ काय, रसवंतीवर मिळतो. माझा धाकटा दीर ह्यांना नाना म्हणतो, तो म्हणाला, वहिनी, नानाला स्वेटर चढवून बघा आधी, भडगावचा माणूस आहे, घाबरून जाईल. मी सगळ्यांना चहा पाजला आणि हसले. मला चिंता वेगळीच होती.

मला चिंता होती अक्कांची.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. ह्यांच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. सासूबाई शेतात असायच्या तेव्हा ह्यांना कडेवर घेऊन फिरवलं ते अक्कांनी. चाळीसगावच्या अलीकडे एका खेड्यात त्यांचं सासर. नवरा गेला, सुना आल्या, नातवंडं आली, गुडघे गेले, पण आखाजी त्यांनी चुकवली नाही. एका वर्षी ताप अंगात घेऊन आल्या होत्या. धाकट्या दोघींना मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, जा वहिनी, आयुष्यभर आम्हाला मांडे घातले, एक वर्ष नाही मिळाले तर काय बिघडत नाही. अक्कांना फोन ह्यांनी केला. मी शेजारीच उभी होते. आम्ही घरी अहिराणीच बोलतो. मी इथं लिहिताना पुस्तकात लिहितात तसं लिहितेय, पण अक्कांचं बोलणं आहे तसंच ठेवते, नाहीतर त्या अक्का वाटणार नाहीत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आखाजीले भाऊना दारले कुलूप? माय मरी गई, ते ओटा बी मरी गया का?"

आणि फोन ठेवून दिला.

ह्यांचा चेहरा उतरला. जेवण अर्धं सोडून शेतात निघून गेले. दोन-तीन दिवसांनी एका सकाळी दाढी करता करता आरशातच बघत म्हणाले, आपण आखाजी करून आठ दिवसांनी गेलो तर? बर्फ काय, तेव्हाही असेल.

माझ्या हातात पोळपाट होता. मी तो खाली ठेवला. मी म्हटलं, तुम्ही राहा घरी. बहिणींना मांडे करून घाला, सालदार ठरवा, पत्ते खेळा. मी टूरबरोबर जाते. लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आहे, एक तरी माणूस हजर पाहिजे ना.

हे दाढीचा फेस तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, अक्काकडे जाऊन येतो. मी म्हटलं, जा.

त्या संध्याकाळी गेले, मग दुसऱ्या आठवड्यातही गेले, मग जातच राहिले. मोटरसायकल काढायची आणि चाळीसगावच्या रस्त्याला लागायचं. परत आले की मी विचारायची, काय म्हणाल्या? तर म्हणत, काही नाही, बसलो होतो. मला वाटायचं, बिचारे मनधरणी करतायत आणि अक्का काही ऐकत नाहीत. पण मी मागे हटले नाही. बॅगा काढल्या, उन्हात टाकल्या, मुलीनं पुण्याहून जाड कोट पाठवले ते घालून बघितले. भडगावात त्या दिवसांत दुपारी ओट्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. आम्ही दोघं घरात कोट घालून, पंखा पूर्ण सोडून, आरशासमोर उभे. हे म्हणाले, अस्वलासारखे दिसतोय. मी म्हटलं, जोडीनं दिसतोय ना, मग झालं.

निघायच्या चार दिवस आधी दारात रिक्षा थांबली आणि अक्का उतरल्या. काठी, पिशवी आणि डोक्यावरून पदर. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला खरा, पण माझ्याशी एक शब्द गोड बोलतील तर शपथ. सरळ स्वयंपाकघरात गेल्या. खापर बघितलं, उलटं करून वाजवून बघितलं. गव्हाचं पीठ कुठं चाळून ठेवलंय ते विचारलं. डाळीच्या डब्याचं झाकण उघडून नाक लावलं. मग माझ्यापुढे हात केला आणि म्हणाल्या, "घरनी किल्ली कोठे शे?"

मी किल्ली दिली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली. तेव्हा मला समजलं, दाराला कुलूप लागणार नव्हतं. भावाच्या घरी बहिणी येणारच होत्या, आणि मांडे थोरली बहीणच करणार होती. पण हे त्यांनी तोंडानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आमच्याकडे मोठी माणसं रागावतात मोठ्यानं आणि नमतं घेतात गुपचूप.

निघताना त्यांनी मला दही दिलं. ह्यांच्या हातात एक बोचकं दिलं, जुन्या लुगड्यात बांधलेलं. मला वाटलं, वाटेसाठी दशम्या असतील. हे ते बोचकं लहान बाळासारखं छातीशी धरून गाडीत बसले, आणि चाळीसगावहून मुंबईपर्यंत आगगाडीत मांडीवरून खाली ठेवलं नाही. मी म्हटलं, द्या इकडे, दशम्या खाऊ. तर म्हणाले, भूक नाही.

विमानात काय झालं ते सविस्तर सांगत नाही, सगळ्यांच्याच कानाला दडे बसतात. एवढंच सांगते की वर उडताना मी ह्यांचा हात धरला होता आणि चहाचा पेला आला तरी सोडला नव्हता. शेजारच्या सीटवरची टूरमधली नाशिकची बाई म्हणाली, नवं लग्न झालंय वाटतं. मी म्हटलं, चाळीस वर्षं झाली, पण आत्ताच बाहेर पडलोय.

तिथल्या राजधानीत दोन दिवस होतो. गाव चांगलं आहे, डोंगराच्या कुशीत, मधून नदी जाते, आमच्या गिरणेला एप्रिलमध्ये नसतं तेवढं पाणी तिला होतं. खाण्याचं मला भ्या होतं, तर तिथं वांग्याला अक्रोडाचं वाटण लावून देतात. भरीत खाणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे. फक्त मिरची नाही. आमच्या पिशवीत ठेचा होता, त्यामुळे टूरमधली निम्मी मंडळी आमच्याच टेबलाशी बसायला लागली. तिथल्या बाजारात ह्यांनी एक पिवळंधमक खरबूज घेतलं. आम्ही त्याला डांगर म्हणतो. मी म्हटलं, बसमध्ये कापू. तर नको म्हणाले, राहू दे. मला जरा नवल वाटलं, कारण ह्यांना डांगर दिसलं की धीर धरवत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्हाला डोंगरातल्या हॉटेलात नेलं. सकाळी जाग आली तर खिडकीतून समोरचा डोंगर पांढरा. मी पडदा सारला आणि तशीच उभी राहिले. मनात म्हटलं, झालं. आज आखाजी आहे, मी इथं आहे, आणि पुरणाची डाळ शिजत घालायची नाहीये.

मागून खुडबुड ऐकू आली. वळून बघते तर हे अंघोळ करून, धोतर नेसून, टोपी घालून जमिनीवर मांडी घालून बसलेले. बाहेर बर्फ आणि हे धोतरात. पुढे अक्कांचं ते लुगडं पसरलेलं, आणि त्यावर एक मातीची लहान घागर. शेजारी त्याहून लहान मडकं, कुंकवाची डबी, सांजोऱ्यांचा डबा, तुपाची बाटली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला गोवरीचा तुकडा.

दशम्या नव्हत्याच. सगळी आखाजीच बांधून दिली होती अक्कांनी. एवढे डोंगर ओलांडून आले आणि घागर माझ्याआधी येऊन बसली. मी म्हटलं, इथंही? एक दिवस मागितला होता मी. आज मी कोणाची सून नाही. मी याला हात लावणार नाही.

हे म्हणाले, "तुले कोन सांगस? तू बस. आज मी करसू."

मी म्हटलं, तुम्हाला येतं? तेव्हा त्यांनी सांगितलं. सारखी मोटरसायकल काढून अक्कांकडे जात होते ते मनधरणीला नव्हे, शिकायला. अक्कांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती. बायकोला घेऊन कुठंही जा, पण पितर उपाशी राहायचे नाहीत, आणि त्या दिवशी तिला कामाला लावायचं नाही. म्हणजे उरला कोण? तू. येत जा आणि शीक. इतकी वर्षं हे पाटावर बसून घागरीत पाणी ओतत आले होते. पण घागर कुठं ठेवायची, खाली काय पसरायचं, तिच्यावर मडकं आधी की डांगर आधी, आगारीला तूप किती, हे त्यांना कधी माहीतच करून घ्यावं लागलं नव्हतं. आधी सासूबाई आणि मग मी पुढे करायची, ते ओतायचे.

मी पलंगाच्या कडेला बसले. खोलीत चहाची किटली होती, चहा करून घेतला. आणि बघत बसले.

आता कोणाला वाटेल, बसून बघणं काय अवघड आहे. त्यानं कधी बसून बघितलेलं नसणार. ह्यांनी लुगड्याची घडी उलटी घातली होती. हळदकुंकवाची बोटं घागरीच्या एकाच बाजूला लावली. डांगर मडक्यावर ठेवलं आणि ते गडगडत पलंगाखाली गेलं, हे धोतर सावरत त्याच्यामागे. माझे हात असे शिवशिवत होते की मी ते मांडीखाली दाबून बसले. दोनदा तोंडापर्यंत शब्द आला, अहो, आधी मडकं तिरकं करा. गिळला. मी उठले असते तर दोन मिनिटांत सगळं नीट मांडून झालं असतं. आणि माझी आखाजी पुन्हा गेली असती. म्हणून नाही उठले. चहा पीत राहिले. शेवटी त्यांनी मडक्याच्या तोंडाला टोपी दुमडून ठेवली आणि तिच्यावर डांगर बसवलं. बसलं की! हे कोणत्या शास्त्रात आहे मला माहीत नाही, पण बसलं.

घागर भरून झाली, मग आगारी. गोवरीचा निखारा करून त्यावर तूप आणि नैवेद्याचा घास सोडायचा, तो धूर पितरांना पोचतो. घरी हे अंगणात होतं. ह्यांनी हॉटेलची एक बशी घेतली, तीत गोवरीचा तुकडा ठेवला, कापूर लावला आणि मन लावून फुंकायला लागले. मी एवढंच म्हटलं, खिडकी उघडली असती तर. खिडकी काही उघडेना. धूर वर गेला, आणि छताला ते जे गोल पांढरं यंत्र असतं, ते केकाटायला लागलं.

काय तो आवाज. सगळ्या हॉटेलात. बाहेर दारं उघडायला लागली, धावपळ झाली, कोणी दार ठोकायला लागलं. हे घाबरून उशीनं वारा घालतायत, तसा निखारा आणखी फुलतोय. मी दार उघडलं. दारात हॉटेलची मालकीण, माझ्याच वयाची, डोक्याला रुमाल, हाताला पीठ, आणि तिच्यामागे आमच्या टूरची गाइड मुलगी, पांढरीफटक. मालकीण आत आली. आधी तिनं तांब्यातलं पाणी उचललं. मग तिला ते सगळं दिसलं. मातीची घागर, टोपीवर बसलेलं डांगर, डब्यातल्या सांजोऱ्या, आणि धोतरातला एक म्हातारा माणूस हात जोडून बशीसमोर बसलेला. तिनं पाणी खाली ठेवलं.

तिनं टूरच्या मुलीला काही विचारलं. मुलीनं मला विचारलं. मी सांगितलं, आमचे गेलेले आईबाप आहेत, त्यांचा आज जेवायचा दिवस आहे. ते इंग्रजीत पोचलं, तिच्या भाषेत पोचलं की नाही देव जाणे. पण ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, आणि ते उलटं आमच्याकडे आलं, की त्यांच्याकडेही मोठ्या सणाला थडग्यांवर जाऊन गेलेल्यांना पाव आणि वाइन देतात. फक्त खोलीत कोणी जाळत नाही.

तिनं आपल्या ॲप्रनमध्ये ती बशी धरली आणि पुढे चालायला लागली. आम्ही मागे. ह्यांच्या हातात घागर, माझ्या अंगावर कोट, हात मोकळे. हॉटेलच्या मागे तिची पाव भाजायची मातीची भट्टी होती, जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी. तिच्या तोंडाशी निखारे काढलेले होते. तिथं ह्यांनी गोवरी ठेवली, तूप सोडलं, सांजोरीचा घास सोडला. तिनं आपल्या ताज्या पावाचा तुकडा मोडून त्यात टाकला. आमच्या सासऱ्यांनी जन्मात भुसावळच्या पलीकडे पाय टाकला नव्हता. ह्यांनी हात जोडले आणि आपल्या बापाशी बोलतात तसं हळूच म्हणाले की आबा, थंडी आहे, जेवून घ्या.

माझे डोळे भरले. पण मी हात खिशातच ठेवले.

न्याहारीनंतर बसनं वर घाटात नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, माणसाच्या उंचीच्या. मी उतरले आणि हातमोजे काढून बर्फात हात घातला. रसवंतीवरच्या बर्फासारखा नसतो तो, शेजारणीला जाऊन सांगणार आहे. मऊ असतो, पिठासारखा. ह्यांनीही एक गोळा केला आणि माझ्या पाठीवर मारला. चाळीस वर्षांत ह्या माणसानं मला चार लोकांत हाक मारली तर ती 'आयकस का' अशी, तेही मान दुसरीकडे करून. इथं सगळ्या टूरसमोर बर्फ मारतोय. मी काय कमी, मीही मारला. नाशिकच्या बाईनं फोटो काढला.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पलीकडे आमचा ओटा, उन्हानं डोळे मिचकावणाऱ्या तिन्ही नणंदा, पोरीबाळींचा गलका. अक्का मधोमध, हात पिठानं भरलेले. त्यांनी भावाला पहिलं विचारलं ते घागरीचं. भरली, म्हणाले. आगारीचं विचारलं. टाकली, म्हणाले, घंटी वाजवून टाकली. मग अक्का म्हणाल्या, वहिनीकडे दे.

मी फोन घेतला. बर्फ बघून त्यांना काही नवल वाटलं नाही. सरळ सुरू केलं. मोठं पातेलं सापडत नाही, गूळ कोणता वापरायचा, काळा की पिवळा, धाकटीच्या सुनेला मांडा हातावर घेता येत नाही, तो फाटतो, जायफळाचा डबा कुठं, आणि सालदार आलाय, त्याला काय सांगायचं. मी तोंड उघडलं. पातेलं कोठीत वरच्या फळीवर आहे, हे ओठांवर आलं होतं. शेजारी हे उभे होते, कानटोपी घातलेले, गालांवर बर्फ. माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "अक्का, आज माले काहीच इचारू नका. आज मी फक्त तुमना भाऊनी बायको शे."

पलीकडे धाकट्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, संपलं, आता जन्मभर ऐकावं लागणार. अक्कांनी पिठाच्या हाताच्या मनगटानं कपाळ पुसलं. मग त्यांच्या तोंडाची एक बाजू हसली. फार थोडी, पण हसली.

"चाळीस वरीस लागनात का तुले हाई सांगाले?" त्या म्हणाल्या. "ठेव आते फोन."

आणि मी ठेवायच्या आधी त्यांनीच ठेवला.

मी फोन बंद केला, अगदी पूर्ण बंद, आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकला. हे म्हणाले, रागावली का? मी म्हटलं, नाही. मग आम्ही दोघं रस्ता सोडून बर्फात चालायला लागलो. पाय घोट्यापर्यंत आत जात होते. मागून टूरची मुलगी हात हलवत होती, बस सुटायची वेळ झाली होती, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. सगळे खिडक्यांतून आमच्याकडे बघत होते. ह्यांनी घाईघाईनं वळायला पाऊल उचललं, सवयच ती, कोणाला खोळंबून ठेवायचं नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, थांबू द्या जरा त्यांना.

आणि ते थांबले. सगळी बस आमच्यासाठी थांबली.